दिदींचे मम आणि माझा वजनकाटा

"काका, रविवारी मम खायला या," असं दिदी पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं त्या माझ्या कडेवरच्या नातवाशी बोलतायत. आपण बाळाला भरवताना 'मंमं' म्हणतो, त्यातलंच काहीतरी. मग कळलं की आपण ज्याला मोमो म्हणतो त्याला नेपाळात मम म्हणतात.

दिदी म्हणजे आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत रखवालीला असलेल्या दाजूंची बायको. दाजू म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ. सोसायटीतले निम्मे लोक त्यांना अजून 'बहादूर' अशीच हाक मारतात. ते त्यांचं नाव नाही आणि आडनावही नाही, चार वर्षांत एवढं कळायला हरकत नव्हती. असो. ही मंडळी अछामची, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिमेकडच्या डोंगरातली. लहानपणी गावात दिदींनी मम कधी बघितलाही नव्हता. लग्नानंतर दोन वर्षं त्या काठमांडूत एका खानावळीत कामाला होत्या, तिथे रोज पहाटे बसून शेकड्यांनी वळले. मम हा मुळात काठमांडू खोऱ्याचा पदार्थ. तिथले नेवार व्यापारी पिढ्यान् पिढ्या ल्हासाला ये-जा करायचे, त्यांनी तो तिबेटातून आणला असं सांगतात. खोऱ्यात आल्यावर त्यात जिरं, धणे, हळद शिरली आणि तो आपल्या जिभेच्या जवळ आला.

तोवर मला ठाऊक असलेला मोमो कॉलेज रोडच्या गाड्यांवरचा. जाड मैद्याची पिशवी, आत चिमूटभर कोबी, सोबत भडक लाल चटणी आणि पांढरं मेयोनीज. दिदींचा पहिला मम मी अर्धा चावला आणि आतला गरम रस हनुवटीवरून ओघळून घड्याळाच्या पट्ट्यात गेला. "अर्धा नाही काका, पूर्ण तोंडात," दिदी म्हणाल्या. त्यांच्या मुलाने विचारलं, "मिठो छ?" मी म्हटलं, नाही रे, मीठ बरोबर आहे. सगळे हसले. मिठो म्हणजे चवदार.

तो रस घरच्या मोमोत आणायला मला चार महिन्यांचे रविवार लागले. मी ३२ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात टूल रूमला, म्हणजे हत्यारं-साचे काटेकोर मापाने बनवायच्या विभागात होतो, त्यामुळे 'अंदाजे', 'मावेल तेवढं', 'हाताला कळतं' असले शब्द मला पचत नाहीत. दिदींच्या हाताला कळतं, माझ्या कळत नाही. म्हणून त्या मूठ टाकायच्या आधी मी खाली वजनकाटा सरकवायचो. पुढची मापं त्या मुठींची आहेत. सगळं ३२ नगांचं, चार माणसांना पुरेल एवढं.

आधी सारण, कारण त्याला थंड व्हायला वेळ लागतो

कोंबडीचा खिमा ३०० ग्रॅम. मांडीचं मांस घ्या, छातीचं घेऊ नका. खाटकाला सांगून थोडी चरबी, थोडी कातडी त्यात राहू द्या आणि यंत्रातून एकदाच काढायला सांगा, दोनदा काढला की लगदा होतो. काठमांडूत बहुतेक ठिकाणी म्हशीवर्गातल्या जनावराचा खिमा असतो, त्याला ते 'बफ' म्हणतात. आपल्याकडे कोंबडी सोयीची.

कांदा १२० ग्रॅम. इथे नाशिककराला जरा जास्त अक्कल वापरता येते. लाल कांद्यात, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे लासलगावला यायला लागतो त्यात, पाणी भरपूर. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टिकतो तो त्यात पाणी कमी म्हणूनच. लाल कांदा असेल तर खाली दिलेलं पाणी १० मिली कमी करा. आणि कांदा सुरीनेच चिरा, ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक. मिक्सरमध्ये फिरवलात तर तो चिरडतो, कडवट होतो आणि सगळं पाणी भांड्यातच सोडून मोकळा होतो.

बाकी: कोथिंबीर ३० ग्रॅम (कोवळ्या देठांसकट), आलं-लसूण मिळून २० ग्रॅम ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, जिरेपूड एक चमचा, धणेपूड एक चमचा, हळद पाव चमचा, जायफळ दोनदा किसणीवर घासून, मीठ सपाट एक चमचा (माझ्या काट्यावर ६ ग्रॅम), तेल ३० ग्रॅम, गार पाणी ५० मिली.

आता रसाचं. माझा पहिला घाणा असा बिघडला की मी कोशिंबिरीच्या हिशेबाने कांदा मीठ लावून पिळून घेतला. आमच्या हिला मी कोबी, काकडी पिळताना आयुष्यभर बघितलंय, वाटलं हेही तसंच. मोमो उकडल्यावर आत खिम्याची एक टणक गोळी आणि बाहेर सैल पिशवी. हलवला तर आतून वाजेल असं वाटत होतं. दुसऱ्या रविवारी सूड उगवल्यासारखं १०० मिली पाणी ओतलं. पारी वळायच्या आधीच भिजून फाटली.

बरोबर क्रम असा. खिम्यात आधी फक्त मीठ घाला आणि हाताने एकाच दिशेने फेटा. तीन-चार मिनिटांत खिमा चिकट होऊन भांड्याच्या कडेला धागे सोडायला लागतो. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच पुढे पाणी धरून ठेवतात. हे धागे दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही. मग पाणी एकेक चमचा, प्रत्येक चमचा जिरल्यावर पुढचा. ५० मिली संपेपर्यंत खिमा सैलसर, चकचकीत दिसतो, पण खाली पाणी साठत नाही. मग आलं-लसूण, मिरच्या, मसाले.

कांदा सगळ्यात शेवटी, आणि तो घालायच्या आधी वेगळ्या वाटीत त्याला ते ३० ग्रॅम तेल नीट चोळून घ्या. हे मला दिदींनी दुसऱ्या नासाडीनंतर सांगितलं, आधी नाही. का, विचारल्यावर म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाही." तेलाचा थर बसला की मीठ कांद्यातलं पाणी लगेच ओढत नाही, ते वाफेत सुटतं आणि पारीच्या आतच राहतं. कोथिंबीर घालून हलकेच कालवा, झाकून एक तास फ्रिजमध्ये ठेवा. थंड सारण घट्ट होतं, वळताना ओघळत नाही. चव बघायची तर कच्चा खिमा चाटू नका, चमचाभर सारण तव्यावर भाजून बघा. मीठ थोडं पुढे वाटलं पाहिजे, कारण बाहेरची पारी अळणी असते.

पीठ

मैदा २५० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, तेल एक चमचा, पाणी १३० मिली. पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. पहिली पाच मिनिटं ते खडबडीत आणि हट्टी लागेल, तिथे पाणी वाढवण्याचा मोह टाळा. ओलं फडकं टाकून १० मिनिटं ठेवा, पुन्हा पाच मिनिटं मळा, गुळगुळीत झालेलं असेल. मग अर्धा तास झाकून विसरून जा. निफाडकडून गारठा येतो त्या दिवसांत मी पाऊण तास ठेवतो, थंडीत पीठ लवकर सैलावत नाही आणि लाटलेली पारी परत आकसते.

कणकेचे करून बघितले. निव्वळ कणकेच्या पारीला चुण्या पडताना तडा जातो. निम्मा मैदा निम्मी कणीक चालते, पण मग पाणी १५ मिली जास्त लागतं आणि रंग पिवळट-करडा येतो. डॉक्टरांनी मैदा बंद केला असेल तर तेवढं करा. नाहीतर चार रविवारांत एकदा मैद्याने काही होत नाही, असं माझं मत. डॉक्टरांचं निराळं आहे.

पारी

मोदक येतो त्याला मोमो येतो, असा आमच्या हिचा समज होता. गणपतीत तिच्या हातचे उकडीचे मोदक सोसायटीत नेमाने वाटले जातात, तेव्हा तिने आत्मविश्वासाने पारी हातात घेतली आणि पाचव्या मिनिटाला खाली ठेवली. मोदकाची उकड तांदळाची, शिजलेली. तिला ताण नसतो, बोट दाबाल तिथे ती राहते. मैद्याच्या पिठाला रबरासारखा ताण असतो, चुणी घातली की ती उलगडू बघते. मोदकाची पारी बोटांनी दाबून वाटीसारखी करतात, ही लाटावी लागते. शिवाय मोदकाचं सारण कोरडं असतं. खोबरं-गुळाला पळून जायचं नसतं, खिम्यातल्या पाण्याला असतं.

पिठाच्या लांब वळकट्या करून १२-१२ ग्रॅमच्या ३२ लाट्या करा. वजन करताना घरचे हसतील, हसू द्या. सगळ्या एका वजनाच्या असल्या तरच एका वेळेत शिजतात. लाटी तळहाताने चपटी करा आणि ९ सेंटिमीटर व्यासाची पारी लाटा, पण पोळीसारखी सपाट नको. मध्यभागी ती जाड हवी, कडेला पातळ. मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावून मोजलंय: दिदींची पारी मध्ये साधारण २ मिमी आणि कडेला १ मिमी भरते, आणि त्यांनी आयुष्यात व्हर्नियर बघितलेला नाही. याला कारण आहे. सगळ्या चुण्या वर एकत्र येतात तिथे कडेचे दहा-बारा पदर एकावर एक बसतात. कड जाड असेल तर वर कच्च्या मैद्याची गाठ राहते. आणि मधला भाग पातळ असेल तर तळ फाटतो आणि रस मोदकपात्रातल्या पाण्यात जातो.

हे जमवायला बारीक लाटणं घ्या. आपलं पोळीचं जाडजूड लाटणं इथे कामाचं नाही. मी अंगठ्याएवढ्या जाडीचा लाकडी दांडा तासून घेतला. डाव्या हाताने पारीची वरची कड धरा, उजव्या तळव्याने दांडा कडेकडून फक्त मध्यापर्यंत न्या आणि मागे घ्या, डाव्या हाताने पारी थोडी फिरवा, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा फिरवली की पारी तयार. दांडा मध्याच्या पलीकडे न्यायचा नाही, बस्स. पिठी अगदी नावाला लावा. जास्त पिठी म्हणजे चुण्या न चिकटणे. पाच-सहा पाऱ्या झाल्या की लगेच वळायला घ्या, ३२ पाऱ्यांची चवड करून ठेवलीत तर कडा वाळून पापड होतील.

वळणं

मला हे शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि लिहून सांगणं सगळ्यात अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. (डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा.)

पारी डाव्या हाताच्या बोटांवर घ्या, तळव्यात नको. मध्ये १७ ग्रॅम सारण, म्हणजे भरगच्च मोठा चमचा. काठाला दीड सेंटिमीटर जागा कोरडी राहिली पाहिजे. सारणाचं तेल काठाला लागलं की तो काठ मेला, ब्रह्मदेवही चिकटवू शकणार नाही. डावा अंगठा सारणावर ठेवा. त्याचं काम सारण खाली दाबून धरणं, शेवटपर्यंत.

उजव्या हाताचा अंगठा पारीच्या आतल्या बाजूने, तर्जनी बाहेरून. काठाची पहिली चिमटी घ्या. आता उजवा अंगठा तिथेच राहणार, हलायचं काम तर्जनीचं. तर्जनीने पुढचा काठ सेंटिमीटरभर ओढून अंगठ्यावर आणायचा आणि चिमटायचा, मग पुढचा, मग पुढचा. डावा हात पारी हळूहळू फिरवत राहतो. माझी चूक ही की मी दोन्ही बोटं पुढे सरकवत होतो, म्हणजे बायका करंजीला मुरड घालतात तशी. त्याने चुण्या एका ओळीत पसरत जातात, तोंड मिटतच नाही. अंगठा खुंट्यासारखा एका जागी रोवला की सगळा काठ आपोआप त्याच्याकडे गोळा होतो. शेवटी उरलेल्या भोकातून डावा अंगठा अलगद काढून घ्या, तोंड चिमटून अर्धा पीळ द्या.

माझ्या पहिल्या मोमोला सात चुण्या होत्या आणि तो लसणाच्या गड्ड्यासारखा दिसत होता. आता बारा-तेरा पडतात. दिदींच्या अठरा. त्या वळताना दाजूंशी भांडतात, मुलाचा अभ्यास घेतात, आणि हाताकडे बघतसुद्धा नाहीत.

नाहीच जमलं तर पारी अर्धी दुमडून चंद्रकोरीसारखी करा, मग हवी तेवढी मुरड घाला. नेपाळातही तव्यावर भाजायचे 'कोथे' मम असेच लांबट वळतात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. तोंड पूर्ण बंद झालंय ना, एवढंच बघा.

वाफ

घरात मोदकपात्र असेल तर ते वापरता येतं, पण आधी घरात विचारा. मी विचारलं नव्हतं. श्रावण आठवड्यावर आला होता आणि पात्राच्या चाळणीला आलं-लसूण-कोंबडीचा वास बसला होता. चिंच लावली, लिंबू लावलं, उन्हात ठेवलं. हिने ते पात्र उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे आता तुमचं." मग गावात भांडी बाजारात जाऊन तिच्यासाठी नवीन घेऊन आलो, जर्मनचं चालणार नाही असा निरोप होता म्हणून स्टीलचं. इडलीपात्रही चालतं, प्रेशर कुकर असेल तर शिट्टी काढून.

खालच्या भांड्यात पाणी चाळणीच्या तीन बोटं खाली राहील इतकंच. जास्त झालं तर उकळून वर येतं आणि तळ भिजवतं. पाणी खळखळ उकळल्यावरच मोमो आत. चाळणीला तेल सढळ हाताने लावा, किंवा त्याहून चांगलं, कोबीची पानं अंथरा. आपण मोदकाखाली केळीचं पान घालतो तसंच. दोन मोमोंमध्ये बोटभर अंतर ठेवा, ते फुगतात आणि एकमेकांना चिकटले की सोडवताना दोन्ही फाटतात. झाकणाला आतून सुती फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचं पाणी थेंब थेंब पडून वरच्या चुण्या पांढऱ्या लगद्यासारख्या होतात.

आच मोठी, शेवटपर्यंत मोठी. वेळ १२ मिनिटं. दिदी काठमांडूत पंधरा मिनिटं ठेवायच्या, इथेही तेवढंच ठेवायच्या आणि इथले मोमो जरा जास्त मऊ पडतात असं त्यांचं म्हणणं होतं. याचं उत्तर माझ्याकडे होतं, निदान मला तसं वाटतं. काठमांडू समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटर उंच, नाशिक साधारण ६०० मीटर. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, आपल्याकडे ९८ ला. ल्हासाला तर ९० च्याही खाली. म्हणजे तिथली वाफच मुळात थंड. हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. दिदींनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "काका, बारा झाली. उतरवा."

मध्ये झाकण उघडायचं नाही. झाल्याची खूण: पारी पांढरी न राहता चमकदार, किंचित पारदर्शक दिसते आणि ओल्या बोटाने हात लावला तर चिकटत नाही. पहिल्या घाण्यातला एक फोडून बघा, खिमा कुठे गुलाबी नसावा. गॅस बंद करून झाकण काढा आणि एक मिनिट तसेच राहू द्या. लगेच उचललेत तर तळ चाळणीला आणि वरचं तुमच्या हातात, असं होतं.

श्रावणातले

श्रावणात आमच्याकडे कोंबडी बंद, म्हणून कोबी-पनीरचे करायला घेतले आणि आता हीच मागून करायला लावते. कोबीत रस आणणं खिम्यापेक्षा अवघड, कारण कोबी पाणी धरत नाही, सोडतो. कोबी ३५० ग्रॅम बारीक चिरून एक चमचा मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, मग पिळा. इथे पिळायचाच. पण जीव खाऊन नको, धार थांबली की थांबा. ते खारट पाणी टाकू नका, पुढे अचारात जाईल. पनीर ८० ग्रॅम कुस्करून, गाजर ६० ग्रॅम किसून, कांदा १२० ग्रॅम, बाकी मसाला वरचाच, मीठ पुन्हा घालू नका.

गेलेल्या पाण्याच्या जागी तूप: ४० ग्रॅम वितळवून सारणात कालवा आणि एक तास फ्रिजमध्ये. तूप थिजून सारणाला धरून ठेवतं, वळायला सोपं जातं. पात्रात ते वितळतं, कांद्याचं पाणी त्यात मिळतं, आणि तोंडात फोडल्यावर रस येतो. हे डोकं माझं, दिदींचं नाही, आणि त्यांनी ते मान्य केलंय. वाफ ९ मिनिटं पुरे.

अचार

आपल्या लोणच्याशी याचा संबंध नाही. नेपाळात तोंडी लावायच्या चटणीलाही अचार म्हणतात. मोमोसोबत लाल मिरचीची चटणी आणि मेयोनीज खाण्याची सवय असेल तर हे आधी फिकं वाटेल, तिसऱ्या घासाला वाटणार नाही.

टोमॅटो ४०० ग्रॅम. पिंपळगावच्या बाजारात भाव पडलेला असतो तेव्हा जाळीभर आणून आमच्याकडे महिनाभर हेच चालतं. टोमॅटो जाळीवर थेट आचेवर भाजून सालं काढा. तीळ ४० ग्रॅम मंद आचेवर भाजा, तडतडायला लागले की उतरवा, लाल झाले तर कडू होतात. चार सुक्या मिरच्या, पाच लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं. तीळ आधी कोरडे बारीक करा, मग बाकी घालून वाटा. मोहरीच्या तेलात (दोन चमचे, धूर निघेपर्यंत तापवून जरा निववलेलं) पाव चमचा मेथीदाणे जवळजवळ काळे होईपर्यंत तळा आणि ती फोडणी वर ओता. मेथी काळी झालेली बघून आपला जीव खालीवर होतो, पण ती तशीच हवी. मीठ, लिंबू, कोथिंबीर.

राहिला टिमुर. हे नेपाळच्या डोंगरातलं मिरीएवढं फळ, खाल्लं की जीभ बधिर होऊन झिणझिणते आणि लिंबासारखा वास येतो. त्याशिवाय तो अचार काठमांडूचा होत नाही, असं दिदी म्हणतात. गावाकडून कोणी आलं की त्या पुडी मागवतात. ती संपली तेव्हा मी शेजारच्या मालवणच्या वहिनींकडे सहज बोललो, आणि त्यांनी डब्यातून तिरफळं काढून दिली, बांगड्याच्या आमटीत घालतात ती. वास घेतल्यावर दिदी क्षणभर बोलल्याच नाहीत. मग एक साल चावून म्हणाल्या, "आहे. भाऊ आहे त्याचा." खरंच आहे, टिमुर आणि तिरफळ एकाच कुळीची झाडं. तिरफळ किंचित जास्त उग्र. दोन-तीन तिरफळांची फक्त सालं घ्या, आतली काळी बी फेकून द्या, ती दाताखाली वाळूसारखी लागते. तव्यावर जरा गरम करून कुटा आणि अचारात पाव चमचा घाला. सारणातही चिमूटभर चालते.

हाच अचार पातळ केला की झोल. नेपाळीत झोल म्हणजे रस्सा, आपल्या झोलशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोन चमचे भाजलेले सोयाबीन तिळाबरोबर वाटा आणि दोन-अडीच वाट्या गरम पाणी किंवा हाडांचा अर्क घाला. कोबीचं ठेवलेलं पाणी इथे वापरा आणि मीठ त्या हिशेबाने. तिकडे आंबटपणाला लप्सी नावाचं फळ घालतात. ते आंब्याच्याच कुळातलं, म्हणून मी कैरीच्या दिवसांत उकडलेली कैरी घालतो, एरवी अर्धा चमचा आमचूर. वाडग्यात आठ मोमो आणि वरून झोल. मिसळीवर वाढलेल्या नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही, तो लगेच "रस्सा अजून" म्हणतो.

उरले तर

कच्चे उरले तर ताटाला रवा भुरभुरून त्यावर सुटे सुटे मांडा आणि ताटासकट फ्रीजरमध्ये. दगड झाले की पिशवीत भरा. खायच्या वेळी वितळवायचे नाहीत, तसेच उकळत्या पात्रात १६ मिनिटं. वितळवले तर पारी चिकट होते आणि तळ सुटतो, एवढी सगळी मेहनत पात्राच्या पाण्यात.

शिजलेले उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेल टाकून तळाकडून उभे मांडा. तळ खरपूस तांबूस झाला की पाव वाटी पाणी ओता आणि त्याच क्षणी झाकण ठेवा, पाणी आटेपर्यंत. झाकण हातात तयार ठेवूनच पाणी ओता. माझ्या दोन बनियनांवर अजून तेलाचे डाग आहेत.